माझा अंदाज बरोबर आला, पैसे मात्र गेले

२०२८ ला अमेरिकेची अध्यक्षपदाची निवडणूक कोणता पक्ष जिंकणार, याचे 'खात्रीचे' अंदाज विकणारे मेसेज पुन्हा फिरायला लागलेत. परवा एका ओळखीच्या बाईंनी तसला एक मेसेज मला मोठ्या कौतुकाने पाठवला आणि माझं डोकंच फिरलं. भाषा तीच, 'ताई' तेच, 'मोजकेच सभासद घेतो' तेही तेच. म्हणून लिहायला बसले. नाव देणार नाही, कारण नवरा आणि एक मैत्रीण सोडून हे कुणालाच माहीत नाही. ९,४३८ डॉलर गेलेत. पुन्हा लिहिते, म्हणजे टायपिंगची चूक वाटायला नको: नऊ हजार चारशे अडतीस.

मी पेनसिल्वेनियात राहते. ग्रीन कार्ड आहे, मत नाही. २०२४ चा ऑक्टोबर ज्यांनी या राज्यात काढला त्यांना वेगळं सांगायला नको. टपालपेटी उघडली की पत्रकांचा गठ्ठा, टीव्ही लावला की एकामागून एक प्रचाराच्या जाहिराती. सगळा देश आमच्या १९ इलेक्टोरल मतांकडे (अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या वाट्याच्या या मतांवर) डोळे लावून बसलेला आणि त्यात माझी भूमिका काय, तर पत्रकं रिसायकलच्या डब्यात टाकायची. मत नाही तर नाही, निदान आपला अंदाज तरी लावावा, असं वाटलं तर त्यात काय जगावेगळं?

आणि जुगारी म्हणून माझ्याकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी: मी आयुष्यात लॉटरीचं तिकीट काढलेलं नाही. तेव्हा इथे नुकताच कोर्टाचा निकाल आला होता. निवडणुकीवरचे करार (म्हणजे निकालावर पैसे लावायचे) विकायला सीएफटीसीने, म्हणजे अशा बाजारांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, कॅल्शी या कंपनीला मनाई केली होती, ती सप्टेंबरमध्ये कोर्टाने उठवली आणि २ ऑक्टोबरला अपील कोर्टाने त्या निकालाला स्थगिती द्यायला नकार दिला. त्याआधी आयोवा विद्यापीठाचा बाजार होता, तोही ५०० डॉलरच्या मर्यादेत. आता एकदम सगळं खुलं झालं. बातम्यांत तेच, ऑफिसातल्या डब्याच्या टेबलावर तेच. अशा वेळी आणखी एक नवी साइट समोर आली तर संशय यायला हवा होता म्हणणारे आज पुष्कळ भेटतात. तेव्हा एकही भेटला नाही.

ज्याने मला फसवलं त्या माणसाला माझा नंबर मराठी लोकांच्या एका ग्रुपवरून मिळाला असणार. जुलैच्या सुरुवातीला पहिला मेसेज आला, अगदी शुद्ध मराठीत: 'ताई, पैसे मागत नाही, फक्त लक्षात ठेवा. बायडन माघार घेणार.' २१ जुलैला बायडन बाजूला झाले. मग 'हॅरिस शपिरोंना नाही, वॉल्झना घेणार', म्हणजे बायडन यांच्या जागी उभ्या राहिलेल्या डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस उपाध्यक्षपदासाठी कुणाला निवडणार ते. ६ ऑगस्टला वॉल्झ. मग 'फेड पाव टक्का नाही, अर्धा टक्का कापणार', म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर किती कमी करणार ते. १८ सप्टेंबरला अर्धा टक्का. तिन्ही वेळा बरोबर, आणि प्रत्येक मेसेज आधी आलेला, तारखेसकट फोनमध्ये आहे. दुसऱ्या अंदाजानंतर मी ४९ डॉलर महिना भरून सभासद झाले. दोन महिन्यांचे ९८.

यातली मेख तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात आली असेल. ८०० जणांना मेसेज करायचे. निम्म्यांना 'बायडन जाणार', निम्म्यांना 'राहणार'. चुकलेले ४०० सोडून द्यायचे. उरलेल्यांना पुन्हा निम्मं-निम्मं. तिसऱ्या फेरीनंतर १०० जण असे उरतात, की ज्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूस एकदाही चुकलेला नाही. त्या शंभरात मी होते. बाकीच्या सातशेंनी मेसेज पुसून टाकला असेल, आणि ते कशाला कुणाला सांगायला जातील? हे मला नंतर भाच्याने पेन घेऊन कागदावर काढून दाखवलं (त्याला सांगितलं की ऑफिसातल्या एकीचं असं झालंय). कागदावर सगळं सोपंच दिसतं.

फेडच्या वेळी ५०० डॉलर त्याने सांगितलेल्या साइटवर टाकले होते. त्याचे ६२० झाले. १२० काढून पाहिले, तर ते खरोखर बँकेत आले. हे १२० डॉलर म्हणजे माशाला लावलेलं आमिष, हे आता कुणीही सांगेल. पण पैसे परत येतात का, ते तपासूनच मी पुढे गेले, हेही तितकंच खरं आहे. आणखी काय तपासायला हवं होतं?

तर आता ते सांगते, कारण त्याची आठवण आली की अजूनही रात्री झोप उडते.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. लॅपटॉपवर साइट उघडलेली. शेजारी शेजारी दोन चौकोन, एक लाल, एक निळा. रिपब्लिकन ३८ सेंट, डेमोक्रॅटिक ४१ सेंट. जिंकणाऱ्या पक्षाचा करार निकालानंतर एक डॉलरला वटतो, हरणाऱ्याचा शून्य. आता करा बेरीज. ३८ आणि ४१, ७९. म्हणजे दोन्ही बाजूंचा एकेक करार ७९ सेंटला घ्यायचा आणि कुणीही जिंकलं तरी डॉलर घ्यायचा. निवडणूक न बघता, बसल्या जागी २१ सेंट. असा बाजार जगात असूच शकत नाही. खऱ्या बाजारात या दोन भावांची बेरीज डॉलरच्या आसपास असते, कारण जरा खाली गेली की लोक तुटून पडतात. शिवाय त्याच दिवसांत इतर ठिकाणी ट्रम्पचा भाव साठ सेंटच्या पुढे होता. साठचा माल अडतीसला कोण देतो?

मी हिशेबाचं काम करते. महिनाअखेरीला दोन्ही बाजूंत दोन सेंटचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत खुर्ची सोडत नाही. आणि बेरीज माझ्या नजरेतून सुटली असंही नाही! मी विचारलं त्याला. उत्तर आलं: 'ताई, हा आपल्या सभासदांचा भाव आहे. म्हणून तर बाहेर कुठे बोलायचं नाही.' एवढंच. आणि मी गप्प बसले. तीन वेळा बरोबर आलेला माणूस होता ना तो.

खात्यात ५०० होते, त्यात आधी २,१०० घातले, मग ५,०००. दोन्ही वेळा पैसे वेगवेगळ्या नावांवर गेले. एक नाव कुणा बाईचं, दुसरं घरापुढचं गवत कापणाऱ्या कंपनीचं. हो, गवत कापणाऱ्या. विचारलं तर म्हणे हिशेबाच्या सोयीसाठी. एकूण ७,६०० डॉलरचे, ३८ सेंटच्या दराने, रिपब्लिकनचे २०,००० करार.

मला रिपब्लिकन का सांगितलं, तर त्या आठवड्यात बातमी होती की एका फ्रेंच माणसाने ट्रम्पवर तीन कोटी डॉलर लावलेत. 'एवढा मोठा खेळाडू उगाच लावेल का, ताई?' आणि पाहा, ६ नोव्हेंबरच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास विस्कॉन्सिन ट्रम्पकडे गेल्याचं जाहीर झालं, बहुमताला लागणारी २७० इलेक्टोरल मतं ओलांडली, शेवटी आकडा ३१२ विरुद्ध २२६. माझ्या खात्यात हिरव्या अक्षरांत २०,०००.०० डॉलर. मी चहा ठेवायचा सोडून तो आकडा बघत उभी होते.

पैसे काढायला गेले तर 'कर थकीत'. नफा १२,४००, त्यावर १५ टक्के, १,८६० डॉलर आधी बाहेरून भरा. नफ्यातून कापून घ्या म्हटलं तर 'नियमात बसत नाही'. ऐका नीट: इथे कुणीही तुमचेच पैसे तुम्हाला देण्यासाठी आधी खिशातून कर भरायला लावत नाही. कर सरकारला जातो, साइटवाल्याला नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण वीस हजार समोर दिसत असताना १,८६० साठी कोण अडून बसेल? भरले. मग '१० टक्के पडताळणी ठेव, २,००० डॉलर'. तिथे मी थांबले, आणि दुसऱ्या दिवशी साइटच उघडेना. त्याच्या नंबरवर एकच राखाडी टिक.

मग मैत्रीण. तिला धीर करून सांगितलं तर ती म्हणाली, 'अगं, मीही लावले होते, ३,२०० डॉलर. पण मी हॅरिसवर लावले, हरले. विषय संपला.' कुणी सांगितलं हॅरिसवर लावायला? तोच! आम्ही दोघींनी फोन शेजारी ठेवले. तोच दिवस, तीच वाक्यं, तोच 'ताई', फक्त पक्ष बदललेला. तिला फ्रेंच माणसाऐवजी इतिहासाचे प्राध्यापक लिक्टमन यांची निकालाचा अंदाज बांधायची तेरा किल्ल्यांची पद्धत सांगितली होती, जिने सप्टेंबरमध्ये हॅरिस जिंकणार म्हटलं होतं. मग २ नोव्हेंबरला आयोवा राज्यातला, पोल घेणाऱ्या सेल्झर यांचा पोल आला, हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे, तेव्हा 'आता तर शिक्कामोर्तब' म्हणून तिच्याकडून आणखी पैसे काढले. ट्रम्प आयोवात १३ टक्क्यांनी जिंकले.

चालूपणा बघा. निम्म्या लोकांना वाटतं आपण पैज हरलो. हरलेला माणूस तक्रार कशाला करेल? ओरडतो फक्त जिंकलेला, आणि जिंकलेल्यावर कोण विश्वास ठेवणार!

नाहीच ठेवला. पोलिस स्टेशनात जो अधिकारी होता त्याने सगळं ऐकून विचारलं, 'म्हणजे तुमचा पक्ष जिंकला?' हो. 'मग तक्रार काय आहे?' पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी एक नंबर लिहिलेला कागद दिला, त्याचा उपयोग काय तर बँकेला दाखवा. बँकेत म्हणाले, पासवर्ड चोरीला गेला का? नाही. कुणी तुमच्या खात्यात घुसलं का? नाही. मग पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. समोरचं खातं तुमच्याच बँकेत आहे ना, गवतवाल्याचं, ते तरी बघा? 'ती माहिती गोपनीय आहे.' माझे पैसे ज्याने नेले त्याची गोपनीयता जपायची, माझी मात्र फोनवर पाच माणसांसमोर जन्मतारखेसकट उजळणी. राज्याच्या ग्राहक खात्याने सांगितलं, हा जुगार दिसतो, तिकडे जा. जुगार खात्यातले म्हणाले, हे जुगारात मोडत नाही, हे करार आहेत, केंद्राकडे जा. केंद्राच्या पोर्टलवर मी पानंच्या पानं भरली, सोबत स्क्रीनशॉट जोडले, आणि उत्तरादाखल आलं एक आपोआप जाणारं ईमेल: प्रत्येक तक्रारदाराशी संपर्क साधणं शक्य होत नाही. जुगार आहे की करार आहे हे तुमचं तुम्ही कोर्टात वर्षानुवर्षं भांडत बसा. तोवर आम्ही कुठे जायचं ते तरी दारावर लिहा.

एका खिडकीवर तर मला विचारलं, मुळात तुम्ही मतदार आहात का. त्याचा याच्याशी काय संबंध?

आणि हो, तक्रार नोंदवल्यावर फोन आला, '६०० डॉलर फी भरा, तुमचे पैसे परत मिळवून देतो.' ही त्याच टोळीची दुसरी शाखा. फोन ठेवा.

साइट खरी का ते सीएफटीसीच्या नोंदणीकृत बाजारांच्या यादीत बघायचं, साइटने स्वतः दिलेल्या 'प्रमाणपत्रा'त नाही. सीएफटीसीची नोंदणी नसलेल्या परदेशी कंपन्यांची एक 'रेड लिस्ट'ही आहे, पण तिच्यात नाव नाही म्हणून साइट चांगली, असा अर्थ काढू नका. दोन्ही पक्षांचे भाव मिळवून बघा, बेरीज डॉलरच्या बरीच खाली असेल तर तिथूनच उठा. पैसे ज्या नावावर जातात ते साइटचं नसेल तर पाठवू नका. वायर केली असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला बँकेला परत बोलवायला सांगा, मी हातातले दिवस लाजण्यात घालवले.

आणि 'खात्रीचा अंदाज' म्हणणाऱ्याला आधी घराबाहेर काढा. निवडणुकीचे अंदाज बांधणारे नेट सिल्व्हर यांच्या संगणकी मॉडेलने निवडणुकीच्या दिवशी ८०,००० वेळा निवडणूक खेळवून बघितली, त्यात हॅरिस ४०,०१२ वेळा जिंकल्या. म्हणजे नाणं उडवा. १९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट या मासिकाकडे वाचकांच्या पाहणीच्या वीस लाखांहून जास्त उत्तरपत्रिका होत्या, त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार सांगितलं, आणि लँडन यांना मिळाली दोन राज्यं. ज्यांचा हा धंदा आहे त्यांची ही कथा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दादाला म्हणे सगळं आधीच कळतं.

मैत्रीण अजून तक्रार करत नाही. 'मी हरलेच ना,' म्हणते. नाही गं बाई, तू हरली नाहीस, तिथे पैज लागलेलीच नव्हती. २०२४ ला अशा कुठल्या दादाच्या सांगण्यावरून हॅरिसवर पैसे लावून गप्प बसला असाल तर जुने मेसेज आत्ताच्या आत्ता शोधा, पुसू नका, बँकेच्या स्टेटमेंटवर पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघा. तिथे गवत कापणाऱ्या कंपनीचं नाव निघालं तर तक्रार नोंदवा. माझ्या एकटीच्या कागदाला ते विचारत नाहीत, पण त्याच खात्याच्या नावाने दहा तक्रारी गेल्या तर बँकेला ते खातं उघडून बघावंच लागेल.