चार लीग, चार कमिशनर, मिळून दीड स्टार

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, हॉटेलचा लिहितात, गाडीच्या सीट कव्हरचासुद्धा लिहितात, मग ज्या सर्व्हिसवर मी गेली दहा-बारा वर्षं नेमाने पैसे आणि संध्याकाळी घालवतोय तिचा का नाही लिहायचा. तर सर्व्हिस म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीग चालवणारे कमिशनर. एनएफएल (इकडचा फुटबॉल), एनबीए, बेसबॉलची एमएलबी आणि आइस हॉकीची एनएचएल. मी चारही बघतो. घरी याबद्दल काय मत आहे ते विचारू नका.

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ५ पैकी दीड. त्यातला एक खरं तर खेळाडूंचा आहे, तो कमिशनर लोकांच्या खात्यात चुकून जमा झालाय असं समजा.

लिहायला बसलो त्याचं कारण एक ॲप. मोठ्या उत्साहात अख्ख्या सीझनचा पास घेतला, वर मोठ्या अक्षरात सगळे सामने असं लिहिलेलं, पहिल्याच शुक्रवारी पॉपकॉर्न वगैरे करून बसलो आणि स्क्रीनवर आलं की हा सामना तुमच्या भागात उपलब्ध नाही. माझ्याच शहराची टीम! सपोर्टच्या चॅटवर आधी वीस मिनिटं बॉट, मग एक माणूस, तो बिचारा म्हणाला आमच्या हातात काही नाही, लीगचा नियम आहे. रिफंड नाही, तारीख उलटून गेली होती. कुठली कंपनी, कुठली लीग ते सोडा, त्याने काही फरक पडत नाही.

याला ब्लॅकआउट म्हणतात आणि प्रकार असा आहे की बऱ्याच टीमनी आपल्या आजूबाजूच्या इलाख्याचे टीव्ही हक्क लोकल चॅनलला विकलेले असतात, म्हणून त्या इलाख्यात लीगच्या पासवर ती टीम बंद. म्हणजे जवळची टीम सोडून जगातलं सगळं बघा. यातला सगळ्यात भारी नमुना आयोवा राज्याचा. तिथे मेजर लीगची एकही बेसबॉल टीम नाही, पण शिकागोच्या दोन, सेंट लुइस, मिनेसोटा, कॅन्सस सिटी आणि मिलवॉकी अशा ६ टीमनी वर्षानुवर्षं त्यावर हक्क सांगितला, ६ टीम ब्लॅकआउट! आयोवाची राजधानी डे मॉइन, तिथून कॅन्सस सिटीचं स्टेडियम गाडीने तीन तास, म्हणजे लीगच्या हिशेबात तुम्ही शेजारी. आता काही टीमचं लोकल स्ट्रीमिंग वेगळे पैसे भरून मिळतं, पण वेगळे पैसे भरून, हे लक्षात घ्या.

हे सगळं मी शेजारच्या काकांना तावातावाने सांगत होतो. काका ऐंशीच्या दशकापासून इकडे आहेत, त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, अरे तू रागावतोयस कुणावर? कमिशनर म्हणजे अंपायर नव्हे, तो टीमच्या मालकांचा दिवाणजी आहे. दिवाणजीकडे कुळाने तक्रार केली तर काय होणार?

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. आपण समजतो की कमिशनर म्हणजे खेळाचा न्यायाधीश, वरून सगळ्यांवर लक्ष ठेवणारा कुणीतरी. हा समज उगाच झालेला नाही, बेसबॉलचा पहिला कमिशनर खरोखरच न्यायाधीश होता, केनेसॉ माउंटन लँडिस. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (बेसबॉलची फायनल) शिकागोच्या आठ खेळाडूंनी पैसे खाऊन हरल्याचा बोभाटा झाला, खेळाची इज्जत गेली, म्हणून मालकांनी १९२० मध्ये यांना आणलं. १९२१ मध्ये कोर्टाने खेळाडूंना निर्दोष सोडलं आणि लगेच लँडिसनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. तेव्हापासून ती कडक म्हाताऱ्याची इमेज चिकटली ती चिकटलीच. पण नेमणूक कोण करतं? मालक. पगार कोण देतं? मालक. १९९२ मध्ये फे व्हिन्सेंट नावाच्या कमिशनरवर मालकांनी १८ विरुद्ध ९ असा अविश्वास दाखवला, त्यांनी राजीनामा दिला, आणि त्या जागी काम बघायला आले कोण तर बड सीलिग, जे स्वतःच मिलवॉकीच्या टीमचे मालक! उंदराला मांजर साक्ष. दोन वर्षांत खेळाडूंचा संप झाला आणि १९९४ ची वर्ल्ड सिरीज रद्द. दोन महायुद्धांत जी थांबली नव्हती ती मालक आणि खेळाडूंच्या पैशाच्या भांडणात थांबली.

आता एकेकाकडे येतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही कारण सगळ्यांनी मला सारखा त्रास दिलेला नाही.

रॉब मॅनफ्रेड, बेसबॉल, २०१५ पासून. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०१७ मध्ये कॅमेऱ्याने समोरच्या टीमच्या कॅचरच्या खुणा चोरल्या (कुठला बॉल टाकायचा ते तो पिचरला खुणेने सांगतो) आणि डगआउटजवळ कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला सांगितलं की आता कुठला बॉल येतोय, त्याच वर्षी टायटल पण जिंकलं. जानेवारी २०२० मध्ये निकाल आला, जनरल मॅनेजर आणि मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) वर्षभरासाठी सस्पेंड, ५० लाख डॉलर दंड, ड्राफ्टचे काही पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, गेले. डबा ऐकून बॅट फिरवणाऱ्या एकाही खेळाडूला शिक्षा नाही, कारण खरं बोलाल तर सोडू असं आधीच कबूल केलेलं. टायटलही त्यांच्याकडेच. आणि ते परत का घेत नाही असं विचारल्यावर साहेब ट्रॉफीबद्दल काय म्हणाले, धातूचा तुकडा! नंतर माफी मागितली, पण ज्या खुर्चीचं कामच त्या तुकड्याची किंमत राखणं हे आहे त्या खुर्चीतून हे आलं ना राव. लहानपणी गल्लीत आम्ही आईस्क्रीमच्या काड्यांचा कप करून खेळायचो, त्याला कुणी काड्या म्हटलं असतं तर मारामारी झाली असती.

मग ओकलंड. ही गोष्ट माझ्या टीमची नाही तरी पोटात तुटतं. ओकलंड ॲथलेटिक्सच्या मालकाने वर्षानुवर्षं टीमवर खर्च करायचा नाही, चांगले खेळाडू विकायचे, स्टेडियम पडीक होऊ द्यायचं आणि मग म्हणायचं बघा, लोक येत नाहीत, मी चाललो लास वेगासला. तर १३ जून २०२३ ला फॅन लोकांनी उलटा बहिष्कार घातला, म्हणजे ठरवून सगळे आले, २७,७५९ माणसं, टीम विका असं सांगणारे हिरवे टीशर्ट घालून, आणि त्या रात्री टीम जिंकली पण. दोनच दिवसांनी मॅनफ्रेडना विचारलं तर उत्तराचा मतलब असा की वा छान, एका रात्रीपुरती का होईना जवळजवळ ॲव्हरेज गर्दी जमली. तो कुत्सितपणा बघून मी इकडे सोफ्यावर उठून उभा राहिलो. नोव्हेंबरमध्ये मालकांनी एकमताने स्थलांतराला मंजुरी दिली, ३० पैकी एकाचाही हात खाली राहिला नाही. सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या सामन्याला ४६,८८९ लोक आले. आणि टीम आता कुठे खेळते तर सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या, साधारण १४,००० क्षमतेच्या मैदानात, वेगासचं होईपर्यंत. टीमच्या नावात सॅक्रामेंटो लावलेलं पण नाही. भाडेकरूसुद्धा दारावर पाटी लावतो हो.

द्यावं तिथे द्यावं, २०२३ चा पिच क्लॉक, म्हणजे बॉल टाकायला लावलेलं घड्याळ, हा माणूस घेऊन आला आणि तो एक नंबर निघाला. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत बॉल टाक, नाटकं बंद. सामने सरासरी वीसेक मिनिटांनी आटोपशीर झाले. मी आधी खूप शिव्या दिल्या होत्या, त्या मागे घेतो. हा जो उरलेला अर्धा स्टार आहे ना तो यालाच.

गॅरी बेटमन, हॉकी, १ फेब्रुवारी १९९३ पासून. हे प्रकरण निराळंच आहे. दर जूनमध्ये लीगच्या विजेत्याला स्टॅनले कप द्यायला हे बर्फावर येतात आणि अख्खं स्टेडियम हुर्यो करतं, जिंकलेल्या टीमचे फॅनसुद्धा! ज्यांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण आहे ती माणसं आधी दोन मिनिटं काढून याला बू करतात. आणि हे हसत उभे, कधी कधी आणखी करा म्हणून चिथावतात पण. कातडी गेंड्याची. पण हुर्यो फुकट नाही होत. यांच्या काळात तीन लॉकआउट झाले (म्हणजे मालकांनीच टाळं लावून खेळ बंद पाडणं), १९९४-९५ आणि २०१२-१३ मध्ये सीझन कापून ४८ सामन्यांचा झाला, आणि २००४-०५ चा तर अख्खा सीझन गेला, एकही सामना नाही. कप त्याआधी एकदाच दिला गेला नव्हता, १९१९ मध्ये, फ्लूची साथ होती म्हणून. त्या वेळी रोगाने थांबवला, या वेळी सॅलरी कॅपने, म्हणजे टीमच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेने. मालकांना कॅप मिळाला, फॅनला काय मिळालं, तर वर्षभर जुन्या मॅचच्या टेप.

शिवाय कॅनडावाल्यांचं वेगळं दुखणं. क्यूबेकची टीम १९९५ मध्ये कोलोराडोला गेली, विनिपेगची १९९६ मध्ये फिनिक्सला. विनिपेगला २०११ मध्ये अटलांटाची टीम येऊन मिळाली, क्यूबेक अजून वाट बघतंय. आणि फिनिक्समध्ये वाळवंटात हॉकी रुजवायची म्हणून बेटमनसाहेबांनी जो हट्ट धरला तो बघून मला आमच्या गावच्या एका पाहुण्याची आठवण येते, त्यांनी खडकाळ जमिनीत पंधरा वर्षं नारळ लावले. २००९ मध्ये टीमचं दिवाळं निघालं, तरी हलवायची नाही. २०२२ पासून तर दोन सीझन एका युनिव्हर्सिटीच्या साधारण ४,६०० खुर्च्यांच्या रिंकमध्ये खेळले, एनएचएलची टीम! शेवटी २०२४ मध्ये युटाह. एवढी चिकाटी क्यूबेकसाठी दाखवली असती तर?

रॉजर गुडेल, फुटबॉल, २००६ पासून. यांचं एकच सांगतो, दोन शिक्षा शेजारी शेजारी ठेवा. २०१४ मध्ये रे राइस नावाच्या खेळाडूने होणाऱ्या बायकोला मारलं, शिक्षा २ सामने. नंतर लिफ्टमधला व्हिडिओ बाहेर आला, बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठे बेमुदत सस्पेंड. आणि बॉलमधली हवा कमी केल्याच्या प्रकरणात स्टार खेळाडू टॉम ब्रेडीला ४ सामने, आणि त्या हवेसाठी लीग कोर्टात वर्षभर लढली, हरली, अपिलात जिंकली. बाईपेक्षा बॉलची हवा महाग. २०१२ मध्ये रेफ्रींचाच लॉकआउट करून बदली माणसं आणली आणि सिएटल विरुद्ध ग्रीन बेच्या शेवटच्या बॉलवर दोन रेफ्री शेजारी उभे राहून दोन वेगळे इशारे करत होते ते मी अजून विसरलो नाही. प्लेऑफचा सामना २०२४ च्या जानेवारीत टीव्हीवर नाही तर एका पेड ॲपवर टाकला (कॅन्सस सिटी आणि मायामीत लोकल चॅनलवर होता म्हणे, बाकीच्यांनी काढा पाकीट).

ॲडम सिल्व्हर, एनबीए, २०१४. सुरुवात झकास, तीन महिन्यांच्या आत क्लिपर्सचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांना वंशद्वेषी बोलण्यावरून आजन्म बंदी, मला वाटलं हा आपला माणूस. मग त्याच वर्षी यांनी सट्टा कायदेशीर करा म्हणून पेपरात लेख लिहिला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाट मोकळी केली, आणि आता मॅच बघताना स्कोअरपेक्षा ऑड्स (सट्ट्याचे भाव) जास्त दिसतात. एप्रिल २०२४ मध्ये जॉन्टे पोर्टर नावाच्या खेळाडूवर सट्ट्यावरून आजन्म बंदी घालायची वेळ आली. दारात दुकान थाटायचं आणि घरातला पोरगा प्यायला म्हणून बाहेर काढायचं. लीगच्या निवडक स्टार खेळाडूंचा ऑल-स्टार गेम २११ विरुद्ध १८६ असा संपला त्याच वर्षी, डिफेन्स करायला कुणी आलंच नव्हतं. बास, यांच्यावर जास्त नाही लिहीत, अजून थोडी आशा आहे.

आता हाच रिव्ह्यू मालकाच्या खुर्चीत बसून लिहा. वॉशिंग्टनची फुटबॉल टीम १९९९ मध्ये सुमारे ८० कोटी डॉलरला घेतली, मधली वीसेक वर्षं टीमची आणि फॅनची पार वाट लावली, आणि २०२३ मध्ये ६.०५ अब्जाला विकली. यांचे ५ पैकी ५ स्टार कुठे गेले नाहीत. गुडेलना दोन वर्षांत मिळून १२ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास मिळाल्याचं छापून आलं होतं तेव्हा मी चिडलो होतो, काका म्हणाले स्वस्तात पडला त्यांना. बरोबरच आहे. बू खायचं काम पण त्यात धरलंय, मालकाला सुखाने बॉक्समध्ये बसता यावं म्हणून शिव्या झेलायला एक माणूस ठेवलाय, आणि आपण दर वर्षी जाऊन नेमक्या त्यालाच शिव्या देतो. मालकाचं नाव तरी माहीत असतं का सगळ्यांना?

कुणाला घ्यावी ही सर्व्हिस? नव्याने बघायला लागला असाल तर पूर्ण पास घेऊ नका, आधी तुमचा पिनकोड टाकून ब्लॅकआउट तपासा, ऑटो रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा. बेसबॉलसाठी माझा सल्ला फक्त ऑडिओवाला स्वस्त पास, रेडिओ कॉमेंटरीवर ब्लॅकआउट नसतो. मी हल्ली तेच करतो. परवा रात्री भांडी घासत ऐकत होतो, नऊ इनिंग संपून सामना बरोबरीत, जादाची दहावी इनिंग सुरू झाली आणि कॉमेंटेटर म्हणाला सेकंड बेसवर रनर. बायको म्हणाली, अजून एकही बॉल टाकला नाही, हा तिथे कसा पोचला? म्हटलं, २०२० पासून असंच आहे, कमिशनरने सोडलाय.