पैसे ऑक्सिजनचे, पिशवीत साधी हवा: मासे गाडीतून नेणाऱ्यांसाठी

डोंबिवलीहून नागपूरला बिऱ्हाड हलवताना माशांच्या दुकानदाराने आमच्याकडून ऑक्सिजन पॅकिंगचे पैसे घेतले आणि पिशव्यांत साधी हवा भरून दिली. लेकीचा ऑस्कर मासा आणि दोन्ही सिल्व्हर डॉलर मासे वाटेतच मेले. बदल्यांच्या दिवसांत कितीतरी घरांतले मासे असे गाडीतून लांब जातात. त्यांच्या बाबतीत हे होऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

ऑस्कर आमच्याकडे आला तेव्हा अंगठ्याएवढा होता, आता फूटभर झाला होता. लेक शाळेतून आली की काचेशी येऊन उभा राहायचा, तिच्या हातून खायचा. त्याला न्यायचा आमचा बेत साधा होता: झाकणाची मोठी बादली, टाकीतलंच पाणी आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. दुकानदाराने तो मोडून काढला. "ताई, बादलीत मासा आपटून मरतो. पंपाच्या आवाजाने घाबरतो. आमचा माल रोज बाहेरगावी जातो. ऑक्सिजन पॅकिंग करून देतो, चोवीस तास बघायला नको. मेला तर नवीन देईन." एका पिशवीचे 400 रुपये, शिवाय 'प्रवासाचं औषध' 900 रुपये. वाटेत पिशवी गळाली तर हाताशी असावी म्हणून नुसतं पाणी आणि ऑक्सिजन भरलेली एक जादा पिशवी, तिचेही 400.

निघायच्या दिवशी पहाटे त्याचा पोरगा घरी आला. मासे पिशव्यांत घेतले, आणि "सिलिंडर जड आहे, खाली टेम्पोत ठेवलाय" असं सांगून पिशव्या खाली घेऊन गेला. बऱ्याच वेळाने रबर बँड लावून वर आणल्या. खरी फसवणूक झाली ती इथे, आमच्या नजरेआड.

सिलिंडरने पिशवी कशी भरतात ते नंतर कळलं. आधी पिशवीतली सगळी हवा दाबून काढतात, पाण्यापर्यंत पिशवी चपटी करतात, मग नळी आत घालून ऑक्सिजन सोडतात. काही सेकंदांत पिशवी टम्म फुगते. पाणी साधारण एक भाग आणि ऑक्सिजन दोन भाग, वर पीळ देऊन रबर बँड, बाहेरून दुसरी पिशवी. आमच्या पिशव्या बोट लावलं की दबत होत्या आणि पाणी निम्म्याहून जास्त होतं. हवेत ऑक्सिजन जेमतेम 21 टक्के. फूटभर माशाला तेवढ्यावर नागपूर गाठणं शक्यच नव्हतं.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. जालना मागे पडलं तेव्हा ऑस्कर पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागला, कल्ले जोरजोरात हलत होते. लगेच दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "तसं होतंच. पिशवी अजिबात उघडू नका, ऑक्सिजन निघून जाईल." आत जे नव्हतंच ते निघून जाईल म्हणून त्याने आम्हाला पिशवी उघडू दिली नाही. त्या वेळी पिशवी उघडून पाणी हलवत राहिलो असतो, तर कदाचित तो तगला असता. मेहकरच्या आसपास तो आडवा झाला. या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला कधी माफ करणार नाही. त्याला माहीत होतं पिशवीत काय आहे.

नागपूरला पोचल्यावर, पिशव्या न उघडता, रबर बँडसकट व्हिडिओ काढला आणि पाठवला. त्यावर उत्तर आलं, "तुम्ही टाकीत सोडताना पाणी नीट मिसळलं नसेल." व्हिडिओत पिशव्या बंद होत्या!

माझे दीर ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. त्यांनी ती जादा पिशवी मागितली. तिच्यात मासा नव्हता, म्हणजे पहाटे जे भरलं तेच आत होतं. त्यांनी एक अगरबत्ती पेटवून ज्योत विझवली, टोकाला नुसता निखारा ठेवला, पिशवीला वर छोटं भोक पाडून निखारा तिथे धरला आणि पिशवी हळूहळू दाबली. ऑक्सिजन असता तर निखाऱ्याची ज्योत झाली असती. निखारा होता तसाच धुमसत राहिला. याचाही व्हिडिओ आहे.

आणि आमच्याकडची गुरामी माशांची जोडी मात्र जिवंत पोचली. त्याचंही कारण दिरांनी सांगितलं: गुरामी आणि फायटर या माशांना कल्ल्यांच्या वर एक जादा अवयव असतो, ते पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. त्यांच्या पिशवीत साधी हवाच चालते. ऑस्करला ती सोय नाही. कोण जगलं आणि कोण मेलं, एवढ्यावरूनही पिशवीत काय होतं ते कळतं.

900 रुपयांच्या औषधाचं सांगते. लेबल नसलेली बाटली, "मासा शांत राहतो" म्हणून प्रत्येक पिशवीत टाकलेलं. पाणी निळं, आमचे हात निळे. नागपूरच्या दुकानात दाखवल्याबरोबर ओळखलं: मेथिलीन ब्लू. बुरशीवरचं जुनं, स्वस्त औषध. त्याने मासा शांतबिंत होत नाही. याच माणसाने फिल्टरचा जुना स्पंज फेकून त्याच्याकडची 'बॅक्टेरिया'ची बाटली घ्यायला सांगितलं होतं. ते आम्ही ऐकलं नाही. माशांमुळे पाण्यात साठणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या जुन्या स्पंजातच असतात, तो टाकीच्या पाण्यात ओला ठेवून न्यायचा.

तुम्ही पॅकिंग करून घेणार असाल तर सिलिंडर डोळ्यांसमोर हवा. वर आणता येत नसेल तर तुम्ही खाली जा. मोठा मासा असेल तर बादली आणि बॅटरीचा पंप यात काही चूक नाही, जादा सेल मात्र ठेवा. निघण्याआधी एक-दोन दिवस खायला देऊ नका, पाणी कमी घाण होतं. अंधारात ठेवा, गाडी उन्हात बंद करून जाऊ नका. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. पोचल्यावर पिशवी बंदच ठेवून टाकीत तरंगवा, तापमान जुळू द्या, आणि उघडल्यावर मासा लवकर हलवा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होतं, त्यामुळे साठलेला अमोनिया तितका बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडतो आणि तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. ते पाणी टाकीत ओतू नका.

बिल त्याने दिलं नव्हतं, पण यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं "मेला तर नवीन देईन" दोन्ही जपून ठेवलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याने औषधाचे 900 परत करायची तयारी दाखवली, ऑक्सिजनबद्दल अवाक्षर नाही. आम्ही नको म्हटलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि आपण मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. डोंबिवलीला खेपा घालायची गरज नाही. अर्ज नागपुरातूनच करतोय.