प्रिंटर ऑफलाईन गेला म्हणून ‘कस्टमर केअर’ला फोन लावण्याआधी

वायफायचा प्रिंटर घडीघडी ऑफलाईन जातो म्हणून तुम्ही इंटरनेटवर कंपनीचा नंबर नाहीतर ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवता यावा म्हणून टाकायचा प्रोग्राम) शोधायला बसला असाल, तर आधी हे वाचून घ्या. याच वाटेने माझ्या सेवा केंद्राच्या खात्यातून 43,498 रुपये गेले. तक्रार झाली आहे, त्यातली काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवलीही गेली आहे. पण तो सापळा अजून तसाच मांडलेला आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. केंद्रात वर्षभर सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे नि जातीचे दाखले चालतात, पण जुलै उजाडला की पीकविम्यापुढे बाकी सगळं मागे पडतं. एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता हप्ता शेतकऱ्यालाच भरावा लागतो. सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, कापसाला 5 टक्क्यांपर्यंत. म्हणजे मुदत संपत आली की केंद्राच्या खात्यात जे पैसे दिसतात ते माझे नसतात, बियाण्या-खतात हात रिकामा झालेल्या माणसांचे असतात. आणि हप्ता भरला की पावती हातात पडल्याशिवाय कोणी खुर्चीवरून उठत नाही. ते बरोबरच आहे. उद्या नुकसानीचा दावा करायची वेळ आली तर तो कागदच त्याच्या हाताशी असतो.

नेमकी त्याच दिवसांत प्रिंटरने खोड काढली. पावसाळ्यात आमच्याकडे लाईन जाते-येते, दिवसातून कितीदा ते मोजायलाच नको. लाईन आली की राऊटरचे, म्हणजे वायफाय देणाऱ्या डबीचे, दिवे लागायचे, प्रिंटर सुरू व्हायचा, मोबाईलवर इंटरनेट चालायचं, पण कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या नावाखाली ‘ऑफलाईन’. कधी बंद-चालू केल्यावर जुळायचा, कधी नाही. बाकावर माणसं बसलेली. एक काकाजी सकाळपासून थांबले होते. ते म्हणाले, “बाई, पैसे त गेले माये. पावती नाई निघत त विमा झाला का नाई झाला, मले कसं समजन?”

मी प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि ‘ऑफलाईन’ हा शब्द टाकून शोधलं. वरच एक पान आलं, कंपनीच्याच रंगाचं. मॉडेल नंबर टाका, ड्रायव्हर आपोआप बसेल, असं त्यावर होतं. मॉडेल नंबर टाकला. हिरवी पट्टी सरकत गेली, अर्ध्याच्या पुढे जाऊन अडली आणि लाल चौकट उघडली : नेटवर्कमध्ये गंभीर बिघाड, तंत्रज्ञाशी संपर्क करा. खाली फोन नंबर.

ही लाल चौकट नीट समजून घ्या, कारण सापळा तिथेच आहे. पुढे सगळं होऊन गेल्यावर मी तेच पान पुन्हा उघडलं आणि मॉडेल नंबरच्या जागी आमच्या सायकलच्या दुकानाचं नाव टाकलं. पट्टी तशीच सरकली, त्याच ठिकाणी अडली, तीच लाल चौकट आली. तिथे कुठलाही ड्रायव्हर उतरत नव्हता. ती पट्टी म्हणजे नुसतं हलतं चित्र. प्रिंटर कोणताही असो, बिघाड ठरलेला आणि नंबरही ठरलेला.

फोन उचलणारा हिंदीत बोलत होता. आमच्याकडे बँक, गॅस, मोबाईल कंपनी, सगळ्यांचे फोन हिंदीतच येतात, त्यात वावगं काही वाटत नाही. बोलणं अतिशय अदबीचं. “मॅडम, आप टेन्शन मत लीजिए, मैं लाइन पर ही हूँ.” मागे पाच-पंचवीस माणसं एकाच वेळी फोनवर बोलत असल्याचा आवाज. त्याने कॉम्प्युटरवर एक ॲप घ्यायला सांगितलं आणि त्यात दिसणारा नऊ-दहा आकडी नंबर विचारला. तो सांगितला की समोरचा माणूस आपला कॉम्प्युटर त्याच्या जागेवरून चालवू शकतो. हे ॲप स्वतः वाईट नाही; मोठमोठ्या कचेऱ्यांत दुरुस्तीसाठी रोज वापरतात. पण अनोळखी माणसाला तो नंबर देणं म्हणजे त्याला घराची किल्ली देणं. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच अशा ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं.

मग त्याने विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. शेकडो ओळी, काहींपुढे पिवळी खूण, काहींपुढे लाल. म्हणाला, हे सगळे हल्ले आहेत, तुमचं नेटवर्क बाहेरच्या लोकांनी धरलंय, म्हणून प्रिंटर तुटतो. खरी गोष्ट अशी की विंडोज प्रत्येक बारीकसारीक घडामोडीची नोंद तिथे ठेवतं. एखादा प्रोग्राम उशिरा उघडला तरी पिवळी खूण पडते. नवा कोरा कॉम्प्युटर चार दिवस वापरा आणि उघडून पाहा, त्यातही लाल-पिवळं सापडेल. पण समोर माणसं ताटकळलेली असताना, कधी न पाहिलेली ती यादी कोणी अधिकारवाणीने दाखवली, तर पोटात गोळा येतोच.

उपाय म्हणून ‘नेटवर्क सिक्युरिटी लायसन्स’. तीन वर्षांचे 4,999 रुपये, यूपीआयने. पैसे भरले आणि प्रिंटर चालू झाला. खरोखर झाला, दिवसभर पावत्या निघाल्या. त्याने एवढंच केलं होतं की जुना प्रिंटर काढून तोच पुन्हा जोडला. पण चालू झालेला प्रिंटर पाहिल्यावर शंकेला जागा कुठे उरते? पहिल्यांदा काम करून द्यायचं, म्हणजे पुढचा फोन आपण होऊन येतो, असा त्यांचा डाव.

रात्री लाईन गेली आणि सकाळी प्रिंटर पुन्हा ऑफलाईन. मी चिडून फोन केला, पैसे परत मागितले. तो जराही वाद घालत बसला नाही. “बिल्कुल मॅडम, रिफंड आपका हक है.” पुन्हा तेच ॲप. पैसे आले की दिसतील म्हणून नेटबँकिंग उघडायला लावलं. मग पडदा काळा झाला, वर ‘अपडेट चालू आहे’. तेवढ्यात मोबाईलवर कोड आला आणि तो म्हणाला, रिफंडचा कोड सांगा. काउंटरवर कोणीतरी आधार कार्ड पुढे करत होतं, दुसऱ्या कानाला फोन. कोड गेला. पडदा उजळला तेव्हा 38,499 रुपये कुठल्याशा ऑनलाईन वॉलेटला गेलेले होते, आणि त्या मेसेजमध्ये कोडच्या शेजारीच ही रक्कम लिहिलेली होती. रिफंड घ्यायला कोड लागत नाही, पिन लागत नाही, नेटबँकिंग उघडावं लागत नाही. पैसे यायला आपल्याकडून काहीच लागत नाही. कोड आणि पिन फक्त पैसे जायला लागतात.

त्याच मिनिटाला माझ्या पुतण्याने वायफाय बंद केलं आणि 1930 ला फोन लावला. हा नंबर सगळ्यांनी पाठ करावा, दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा. ऑनलाईन पैशांच्या फसवणुकीसाठी केंद्र सरकारची ही हेल्पलाईन आहे. बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ एवढं विचारतात, ते हाताशी ठेवा. तिथून संदेश पुढच्या बँकेला नि वॉलेटला जातो आणि पैसे अजून तिथे असतील तर गोठवले जातात. चोर ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवत असतात, म्हणून पहिल्या तासाला इतकी किंमत. माझी जी रक्कम अडली ती या फोनमुळेच. त्यानंतर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर लेखी तक्रार, सोबत बँकेचं विवरण आणि स्क्रीनचे फोटो. लाज वाटते म्हणून, घरचे काय म्हणतील म्हणून लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि चोराला तेवढंच हवं असतं.

बँकेत मात्र लगेच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला याचं परिपत्रक काढलं होतं. त्यानुसार चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुणाच्या गडबडीने पैसे गेले, आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तोटा ग्राहकावर येत नाही. कोड ग्राहकाकडून गेला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. पण कळवल्यानंतर खात्यातून आणखी काही गेलं तर ते बँकेच्या अंगावर. म्हणून अर्जावर तारखेबरोबर वेळही घालून घ्यायची. माझ्या बँकेतला माणूस म्हणत होता, वेळ कशाला पाहिजे, तारीख पुरे. मी वेळ टाकून घेतल्याशिवाय हलले नाही.

कॉम्प्युटरचं काय? ते ॲप काढून टाकलं तेवढ्यावर भागत नाही. आम्ही विंडोज नव्याने टाकून घेतलं आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. केंद्रावर लोकांचे आधार, पासबुक यांचे फोटो पडलेले असतात, तिथे कसर ठेवणं म्हणजे गावाशी दगा.

आता प्रिंटर. तालुक्यातल्या पारवा गावाकडे ब्रॉडबँडच्या तारा जोडणाऱ्या एका पोराला बोलावलं. त्याने आधी प्रिंटरवरूनच नेटवर्कचा कागद काढला. बहुतेक वायफाय प्रिंटरवर ही सोय असते, एखादं बटण दाबून धरलं की कागद येतो आणि त्यावर प्रिंटरचा नेटवर्कमधला पत्ता असतो, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. आमच्या कागदावर शेवटचा आकडा 7 होता, आणि कॉम्प्युटर 4 वर प्रिंटर शोधत बसला होता. दुखणं एवढंच. लाईन जाऊन आली की राऊटर घरातल्या यंत्रांना पत्ते नव्याने वाटतो. प्रिंटरला कधी दुसराच पत्ता मिळतो, कॉम्प्युटर जुन्याच दारावर थाप मारत राहतो आणि वर लिहितो ‘ऑफलाईन’. यात हल्ला नाही, हॅकर नाही, आणि कुठलं लायसन्स तर नाहीच. प्रिंटरच्या वायफायला कसलीही वार्षिक फी नसते.

राऊटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर त्याच्या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तिथे जाऊन प्रिंटरला एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो, ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाने. मग कॉम्प्युटरवर जुना प्रिंटर काढून त्याच पत्त्याने नवा जोडायचा. त्या पोराचं हे काम चहा निवायच्या आत झालं.

त्याने आणखी एक दाखवलं. कधी कधी प्रिंटरच्या कागदावर पत्ता 169.254 ने सुरू झालेला दिसतो. याचा अर्थ राऊटरकडून त्याला पत्ता मिळालाच नाही. लाईन आल्यावर प्रिंटर लवकर जागा होतो, राऊटर मागून, आणि त्या गडबडीत दोघांची गाठ पडत नाही. अशा वेळी प्रिंटर बंद ठेवायचा, राऊटरचे दिवे स्थिर होऊ द्यायचे, मग प्रिंटर लावायचा. राऊटरला छोटा बॅटरी बॅकअप घेतला तर ही कटकटच राहत नाही. साधे प्रिंटर बहुधा फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, 5 चं नाही. नवा राऊटर बसवल्यावर प्रिंटर एकदम दिसेनासा झाला तर आधी हे तपासा. आमचा राऊटर लोखंडी कपाटामागे होता, तोही हलवला. आणि घाईच्या दिवसांत सरळ यूएसबीची केबल लावा. यंदा मी मुदतीच्या दिवसांत केबलच लावणार आहे, वायफायची हौस नंतर.

कंपनीचा खरा नंबर लागलाच तर तो प्रिंटरच्या खोक्यावर, वॉरंटी कार्डावर किंवा बिलावर पाहा. शोधात सगळ्यात वर येणारं पान बऱ्याचदा पैसे भरून वर आणलेली जाहिरात असते. आणि घरच्या माणसांना, विशेषतः केंद्रावर, दुकानात एकट्या बसणाऱ्या पोरींना सांगून ठेवा की फोनवरचा माणूस कोणीही असो, पडदा दाखवा किंवा कोड सांगा म्हटलं की फोन ठेवायचा. उद्धट वाटलं तरी ठेवायचा.

शेतकऱ्यांचे हप्ते मी सोनं गहाण ठेवून वेळेत भरले, कुणाचाही विमा चुकला नाही. काकाजींना पावती मिळाली.

आता हल्ली नवाच फोन येतो. ‘सायबर सेल’मधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवायला 2,500 रुपये प्रोसेसिंग फी भरा. माझं नाव, गेलेली रक्कम, तारीख, सगळं त्याला ठाऊक. ठाऊक असणारच, कारण हे सगळं चोरांच्याच हातात आहे. पोलीस तक्रारीसाठी किंवा पैसे सोडवण्यासाठी यूपीआयवर फी मागत नाहीत. गोठवलेली रक्कम ठरलेल्या सरकारी रीतीने, काही वेळा न्यायालयाच्या आदेशाने सुटते, आणि तुमच्या तक्रारीचं काय झालं ते ठाण्यात जाऊन किंवा त्याच संकेतस्थळावर तक्रार क्रमांक टाकून पाहता येतं. असा फोन आला तर नंबर उतरवून घ्या आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर संशयास्पद फोन कळवायच्या ‘चक्षु’ या सोयीत नोंदवा. माझ्याकडे आलेले असे सगळे नंबर मी तिथे टाकले आहेत.