मेसेज लिहायला शिकवणारा क्लास, पोरांना नक्की लावा
लातूरला औसा रोडवर एका क्लासला पुतण्याला लावलं होतं, कॉलेजच्या पोरांना सर लोकांना, एचआरला व्हॉट्सअ‍ॅपवर नीट मेसेज करायला शिकवतेत. लई कामाचं आहे. आधी हा नुसतं 'सर' टाकून रिप्लायची वाट बघत बसायचा, आता 'नमस्कार सर, बीकॉम दुसरं वर्ष, रोल नंबर 42, बोनाफाईड कधी मिळेल?' असं सगळं एकाच मेसेजमधे बसवतो. पाठवल्यावर 15 मिनिटांच्या आत एडिट करता येतं हे बी तिथंच शिकवलं. रात्री उशिरा मेसेज नको, न विचारता व्हॉइस नोट तर नकोच. फक्त बॅच फार मोठी ठेवतेत, प्रत्येकाचं लिहिलेलं तपासून होत नाही आन ईमेलला वेळच उरत नाही, ते सुधारायलाच पाहिजे, नोकरीचा अर्ज शेवटी ईमेलवरच जातो ना.