वायगावची हळद: रंग, वास पास, पाकिटावरच्या गप्पा नापास

वर्ध्याला नणंदेकडे गेले होते, तेव्हा एका दुकानातून वायगावच्या हळदीचं अर्ध्या किलोचं पाकीट आणलं. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ती त्या भागाचीच खासियत असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं. सांगलीच्या हळदीला ते नंतर, 2018 ला. त्यामुळे आम्हा विदर्भवाल्यांची कॉलर जरा ताठच.

पाकीट फोडल्याबरोबर मातकट, किंचित तिखट वास येतो. रंग पिवळ्यापेक्षा केशरीकडे झुकणारा. पहिल्याच दिवशी नेहमीच्या अंदाजाने वरणात घातली तर वरण कडवट झालं. आता निम्मीच घालते, त्यामुळे भाव दीडपट असला तरी खिशाला जड जात नाही.

घसा धरला की कोमट पाण्यात मीठ-हळद घालून गुळण्या. याने मला खरंच बरं वाटतं. दुधात घालायची तर सोबत थोडं तूप आणि चिमूटभर मिरेपूड हवीच. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्ध पदार्थ लागतो, आणि मिऱ्यामुळे ते अंगी लागतं. नुसत्या पाण्यात ढवळून पिणाऱ्यांनी उगाच तोंड वाकडं करू नये. कापल्या-खरचटल्यावर हळद तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात. त्याच गुणावर अमेरिकेत 1995 ला पेटंट दिलं गेलं होतं! सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे करून 1997 ला ते रद्द करायला लावलं. जखम खोल असेल तर मात्र आधी साबण-पाणी आणि दवाखाना.

आता तक्रार. पाकिटाच्या मागे 'मधुमेह, संधिवात, कर्करोगावर रामबाण' असं छापलंय. हिशेब करा: चहाचा चमचा म्हणजे साधारण 3 ग्रॅम हळद. वायगावच्या हळदीत कर्क्युमिन 6 टक्के धरलं तरी हाती येतं 180 मिलिग्रॅम. गुडघेदुखीवरचे प्रयोग होतात ते अर्काच्या कॅप्सूलवर, त्यांत याच्या कितीतरी पट मात्रा असते. आमच्या ह्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, भाजीतली हळद खुशाल खा, कॅप्सूलच्या नादी लागू नका. पाकिटावर याबद्दल अवाक्षर नाही.

साडेतीन तारे. अर्धा तारा त्या छापील थापांसाठी कापला, एक पाकिटाच्या फाटक्या झिपसाठी. पुढच्या वेळी पूड घेणार नाही, हळकुंडंच आणून डोळ्यांसमोर दळून घेईन.