सिंगापूर ते क्वालालंपूर: विमान की बस?

सिंगापूर-मलेशिया अशी जोडसहल ठरली की हा प्रश्न येतोच. नकाशावर दोन्ही शहरांमधलं सरळ हवाई अंतर साधारण 300 किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोल्हापूर एवढंच. रस्त्याने ते 350 च्या आसपास जातं. घड्याळ बदलावं लागत नाही, दोन्हीकडे वेळ एकच.

तिकिटावर विमानाचा वेळ सव्वा तासाच्या आत-बाहेर दिसतो. त्यातही प्रत्यक्ष हवेत पाऊण तासच. पण हा आकडा फसवा आहे. हॉटेलातून चांगी विमानतळाला अर्धा तास, तिथे दोन तास आधी पोहोचायचं, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांना पाऊण तास. त्यात क्वालालंपूरचा मुख्य विमानतळ शहरात नाहीच, तो पन्नासेक किलोमीटर लांब सेपांगला आहे. तिथून केएलआयए एक्सप्रेस ही ट्रेन टर्मिनल 1 वरून 28 मिनिटांत केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनला नेते. बरीचशी स्वस्त विमानं जिथे उतरतात त्या टर्मिनल 2 वरून 33 मिनिटं. सगळं जोडलं तर दारापासून दारापर्यंत पाच तास धरा.

बसला रस्ता मोकळा असेल तर पाच ते सहा तास. म्हणजे फरक फार तर तासाभराचा! शिवाय बसच्या सीट ऐसपैस असतात आणि बॅगेच्या वजनाची कटकट नाही. स्वस्त विमानात केबिन बॅगेला बहुधा सात किलोची मर्यादा असते, मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. खरेदी करून निघालेल्या चौघांच्या कुटुंबाला ते चांगलेच जाणवतात.

बसची खरी परीक्षा सरहद्दीवर. वुडलँड्स या सिंगापूरच्या नाक्यावर उतरून बाहेर पडल्याची नोंद, मग कॉजवे म्हणजे खाडीवरचा बांध-रस्ता ओलांडून मलेशियातल्या जोहोर बारूला पुन्हा उतरायचं, या वेळी सगळं सामान घेऊन. ते स्कॅन होतं, मग परत बस. सोबत गुडघेदुखीवाले आई-बाबा असतील तर हा खटाटोप नको, सरळ विमान घ्या. शुक्रवारी संध्याकाळी किंवा मोठ्या सुट्टीच्या तोंडावर तर धडधाकट माणसानेही बसच्या वाट्याला जाऊ नये. कॉजवेवर रांग लागली की वेळापत्रकाला अर्थ उरत नाही.

आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी निघून, वाटेत मलाक्काला एक मुक्काम करणार असाल तर मात्र माझं मत बसलाच. जुनं बंदर, डच काळातल्या लाल इमारती आणि 2008 पासून जागतिक वारसा यादीत नाव. विमानाने गेलात तर हे सगळं खाली राहून जातं.

भारतातून तिकीट काढताना जाताना सिंगापूरला उतरणारं आणि परतताना क्वालालंपूरहून निघणारं मिळतंय का, ते आधी बघा. मग हा टप्पा एकदाच करावा लागतो. सिंगापूरला परतणार असाल तर व्हिसावर किती वेळा प्रवेशाची मुभा आहे तेही तपासा. दोन्ही देशांची आगमनाची ऑनलाइन नोंदणी पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून करता येते; ती भरूनच निघा, विमान असो की बस.