शहरात रोपवे हवाय की बस-मेट्रोच बरी?

महापालिकेने रोपवेचा प्रस्ताव आणलाय, हरकती-सूचना मागवल्यात आणि आता बाजूने लिहायचं की विरोधात असा ज्यांचा घोळ चाललाय, त्यांच्यासाठी हे. आपल्याकडे रोपवे म्हटलं की रायगड, म्हणजे सुट्टीत एकदा बसायची गोष्ट, त्यामुळे रोज कामाला ट्रॉलीने जायचं हे ऐकूनच लोक हसतात. हसू नका, दक्षिण अमेरिकेत लोक वीसेक वर्षं तेच करतायत.

आधी माणसं किती नेतो ते बघू. ला पाझला (बोलिव्हिया) 10 जणांची केबिन साधारण दर 12 सेकंदांनी सुटते, म्हणजे तासाला 300 केबिन आणि एका दिशेला 3000 माणसं. तेवढ्यांना 60 जणांच्या बसने न्यायचं तर तासाला 50 बस लागतील, सव्वा मिनिटाला एक, आणि तुमच्या स्टॉपवर अशी बस येते का ते तुम्हीच सांगा. मेट्रोसमोर मात्र रोपवे एकदम लहान वाटतो, पुण्याच्या तीन डब्यांच्या गाडीत नऊशेच्या वर माणसं मावतात, तीन-चार गाड्या गेल्या की रोपवेचं तासाभराचं काम झालं. वेगही बेताचाच, ताशी 18-20 किमी. तीन-चार किलोमीटरला छान, कारण सिग्नल नाही, ट्रॅफिक नाही, केबिनची वाट बघणं जवळपास नाहीच. दहा-बारा किमी जायचं असेल तर कंटाळा येईल.

पण खरा फरक कुठे पडतो ते बघायचं तर मेडेयिन आणि रिओ शेजारी-शेजारी ठेवा. दोन्हीकडे डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्या, दोन्हीकडे तसंच तंत्र. मेडेयिनचा (कोलंबिया) पहिला रोपवे 2004 चा, तो खाली थेट मेट्रो स्टेशनात उतरतो, चालवते मेट्रो कंपनीच आणि तिकीटही मेट्रोला जोडलेलं. सोबत वस्तीत शाळा, लायब्ररी, रस्ते यांच्यावरही खर्च झाला. गर्दीच्या वेळी खाली लांब रांगा लागतात ही तक्रार आहे, पण ती लोक वापरतात म्हणूनची तक्रार आहे! रिओच्या अलेमाओ वस्तीतला 2011 चा, साडेतीन किमी, तोही लोकल ट्रेनच्या स्टेशनाला जोडलेला, रहिवाशांना रोजच्या दोन फेऱ्या फुकट. तिथल्या बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की आम्हाला आधी गटारं आणि सांडपाण्याची सोय द्या. 2016 मध्ये ऑलिम्पिक झालं आणि त्याच वर्षी रोपवे थांबला, राज्याची तिजोरी रिकामी, चालवणाऱ्या कंपनीचे पैसे थकलेले, आणि मग तो वर्षानुवर्षं बंदच. म्हणून मी बांधकामाच्या खर्चापेक्षा पुढची पंधरा-वीस वर्षं चालवायचे पैसे कोण देणार हे आधी विचारेन.

लंडनचं थोडक्यात सांगतो. 2012 ला थेम्सवर बांधला, जवळच ट्यूब (तिथली मेट्रो) नदीखालून जाते, ट्रॅव्हलकार्ड (बस-मेट्रोचा पास) रोपवेत चालत नाही, त्यामुळे बसतात मुख्यतः पर्यटक. दिसायला झकास. ला पाझ नेमकं उलट, वरचं एल आल्तो शहर सुमारे 400 मीटर उंच, वळणावळणाच्या रस्त्यावर मिनीबस अडकून पडायच्या, तिथे 2014 पासून एकेक करत दहा लाइन झाल्या, तीसेक किलोमीटरचं जाळं. एकच खटकतं, लाइन बदलली की वेगळे पैसे पडतात.

आता आपल्याकडचे आकडे. वाराणसीत कँट स्टेशन ते गोदौलिया, पावणेचार किमी, 2023 ला भूमिपूजन झालं तेव्हा खर्च सांगितला 645 कोटी, म्हणजे किलोमीटरला 170 च्या आसपास. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली ती 31 किमीला 11,420 कोटींची, म्हणजे किलोमीटरला 365 (थोडा भाग भुयारी आहे हे धरून). म्हणजे रोपवे निम्म्यात होतो, पण क्षमता निम्म्याहूनही कमी मिळते, तेव्हा 'स्वस्त मेट्रो' म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. वाराणसी सपाटच आहे, पण जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद की बस घालणार कुठे, म्हणून तिथे मला तो पटतो.

आणि हो, वारा. साध्या एक-केबलवाल्याला जोराचा वारा सुटला, वीज चमकायला लागली की थांबावं लागतं. तीन केबलवाला प्रकार जास्त वारा सोसतो, खांब कमी लागतात, केबिन मोठ्या. तुलूजला (फ्रान्स) 2022 मध्ये असाच झाला, तीन किमी, फक्त पाच खांब, टेकडी आणि नदी ओलांडून दहा मिनिटांत हॉस्पिटल-विद्यापीठ जोडतो. महाग पडतो, पण घाटमाथ्याच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात मी त्याचाच आग्रह धरेन.

तुमचं शहर सपाट असेल आणि रस्ता रुंद, तर विरोधात लिहा आणि त्या पैशात बस व वेगळी बसलेन मागा. मधे टेकडी, नदी, रेल्वेचं यार्ड असं काही असेल किंवा वस्ती उतारावर असेल तर बाजूने लिहा, पण अटी घाला: बस-मेट्रोसकट एकच तिकीट, स्टेशन बसस्टॉपला खेटून, आणि वाऱ्या-विजांमुळे वर्षात किती तास बंद राहील तो आकडा अहवालात छापलेला हवा, जून ते सप्टेंबरचा वेगळा.